पाण्याच्या मागावर

अंबाजोगाई,
माघ वद्य पंचमी

चि. बाळास,



तुझं पत्र पोचलं. नवा कॅमेरा घेतलास हे वाचून फार बरं वाटलं. होळीला येशील तेव्हा आपल्या जिल्ह्यात काय काय टिपावं, असं तू विचारलंस. बीडला दुष्काळाशिवाय टिपण्यासारखं आहे काय, असं मैत्रिणी म्हणाल्या, तेही लिहिलंस. त्यांना दोष देऊ नकोस. त्यांच्यासमोर आलेले बीडचे फोटो एप्रिल-मे महिन्यांतले असतात: भेगा पडलेलं तळं, टँकरभोवतीच्या घागरी, कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. ते फोटो खरे आहेत. 2013 आणि 2016 चे उन्हाळे मी इथेच काढलेत, त्यामुळे ते खोटे म्हणणार नाही. पण एका ऋतूवरून गावाची ओळख पक्की करणं हा त्या गावावर अन्याय आहे, आणि तो दूर करायचं काम कॅमेरा हाती असलेल्या माणसाचं आहे.

म्हणून माझं सांगणं असं, की प्रेक्षणीय स्थळांची यादी करू नकोस. पाण्याचा माग काढत फीर. वर्षाला जेमतेम साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात जे जे सुंदर आहे, त्याच्यामागे कुठे ना कुठे पाणी आहे.

सुरुवात पाटोद्यापासून कर. बालाघाटाच्या त्या माथ्यावर मांजरा उगम पावते आणि 724 किलोमीटर चालून, लातूर-बिदर ओलांडून, तेलंगणात गोदावरीला मिळते. त्याच भागातून सिंदफणा निघते, माजलगावचं धरण भरते आणि मंजरथला गोदावरीत जाते. तिथलीच विंचरणा मात्र सीनेकडे वळते; सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. म्हणजे एकाच माथ्यावर पडलेल्या पावसातले काही थेंब गोदावरीचे होतात, काही कृष्णेचे. ज्या जिल्ह्याला सगळे कोरडा म्हणतात, तो दोन महानद्यांना पाणी पाठवतो! ही गोष्ट एका फोटोत मावणार नाही. त्यासाठी माथ्यावरचं कुसळी गवत काढावं लागेल, मग पहिली घळ, मग ओढा, मग नदी. एकट्या फोटोपेक्षा अशी माळ जास्त बोलते.

विंचरणा जिथे कड्यावरून उडी घेते ते सौताडा. खाली दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. तिथे श्रावणात जायला हवं. होळीला धार नसते. हल्ली धबधबा दिसला की शटर मंद ठेवून पाणी दुधासारखं पांढरं करायची पद्धत पडली आहे. तसं केलं की सौताडा आणि जगातला कुठलाही धबधबा सारखाच दिसतो. तू शटर वेगात ठेव, एक पंचशतांश सेकंद किंवा त्याहून कमी. पाण्यात उतरलेला मातीचा रंग, कड्यावर आपटून फुटणारे थेंब, मागच्या खडकाचे थर, सगळं स्पष्ट येईल. ते थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे आहेत. आत्ता, धार नसताना, तेच थर उघडे पडलेत. तेव्हा होळीला कड्याचा फोटो काढ आणि श्रावणात त्याच जागेवरून धारेचा. दोन्ही शेजारी ठेवलेस की बीडचं वर्ष कसं असतं ते न सांगता कळेल.

तिथून नायगावचं मयूर अभयारण्य जवळच आहे, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं, 1994 मध्ये जाहीर झालेलं. पाऊस आला की तिथला मोर पिसारा फुलवतो आणि पाऊस सरला की पिसं झडतात. आत्ता पिसाऱ्याची आशा धरू नकोस. पाणवठ्यापासून लांब, गुपचूप बसून राहा. तहानेने आलेल्या जनावराला आपल्यामुळे मागे फिरावं लागलं, तर तो फोटो कितीही चांगला आला तरी ठेवू नये.

आता दगडाकडे ये. बीडचं कंकालेश्वर चौकोनी कुंडाच्या मधोमध उभं आहे. भोवती पाणी असलं की सकाळी अख्खं देऊळ त्यात उलटं उतरतं. पण प्रतिबिंबावर भागवू नकोस, भिंतींवरची शिल्पं बघ. शस्त्र घेतलेल्या स्त्रिया आहेत तिथे. काळ्या दगडाचा एक स्वभाव सांगतो. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना तो सपाट दिसतो. ऊन बाजूने, तिरपं आलं की बोट आणि दागिना सुटा होतो. शिवाय कॅमेऱ्याला काळा रंग कळत नाही, तो त्याला राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने कमी कर, म्हणजे दगड आपल्या रंगावर येईल. आपल्या अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यालाही हेच लागू आहे. तिथले हत्ती वेगळे आणून ठेवलेले नाहीत, त्याच खडकातून कोरून काढलेत. सकाळी त्यांच्या पाठीवर ऊन येतं तेव्हा जमिनीपासून हत्ती कसा वर आला, ते दिसतं.

बीडची खजाना विहीर चुकवू नकोस. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली ही विहीर पाणी जमिनीखालून फिरवते. दोन बोगदे आत पाणी आणतात, तिसरा शेतांकडे नेतो, आणि हे सगळं नुसत्या उतारावर चालतं. आजूबाजूच्या विहिरी आटल्या तेव्हाही हिच्यात पाणी राहिल्याचं इथली जुनी माणसं सांगतात. आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत थांब, फ्लॅश वापरू नकोस. वरून येणारा उजेड आणि त्याचं पाण्यावरचं थरथरणं, एवढंच पुरे आहे.

शेतातलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, पण आत्ताच्या दिवसांत ते सगळ्यात जास्त देखणं असतं. काळ्या रानाने पावसाळ्यातली ओल धरून ठेवलेली असते आणि त्या ओलीवर ज्वारी, हरभरा, करडई उभी राहते. करडईचं सोटमूळ फार खोल जातं. तिचं फूल पिवळं उमलतं आणि वाळत जाताना केशरी-तांबडं होतं, म्हणून एकाच रानात दोन्ही रंग सापडतात. पानं काटेरी आहेत, पूर्ण बाह्यांचा सदरा घाल. धारूरच्या घाटात पळसही एव्हाना पेटलेला असेल. पानं नसलेल्या फांदीवर नुसती फुलं आणि त्यांत मधाला आलेल्या साळुंक्या.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. याच दिवसांत वाड्या-तांड्यांवर तुला कुलूप लावलेली घरं दिसतील. त्या घरांतली माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलीत, पश्चिम महाराष्ट्रात आणि पार कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणून मोजतात. मागे राहतात आजी-आजोबा आणि काही लेकरं. ओल कुठे टिकली आणि कुठे नाही, यावर घराचं कुलूप ठरतं. म्हणून हे घरही पाण्याच्याच माळेतलं आहे आणि तुझ्या संग्रहात त्याला जागा हवी. पण कुणाच्या दारात उभी राहशील तेव्हा आधी नमस्कार, मग ओळख आणि विचारून झाल्यावरच कॅमेरा. नाही म्हणाले तर चहा पिऊन ये. हो म्हणाले तर फोटो छापून त्यांच्या हाती पोचव. अंगणात सारवलेली चौकट, दारावरचा चुना, भिंतीत रोवलेल्या खुंट्या. ज्या घरावर एवढा हात फिरलाय, त्याला नुसतं गरीब म्हणून दाखवू नये. सौंदर्य दाखवलं की दुःख झाकलं जातं, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. इथे काय काय आहे हे पाहिलेल्या माणसालाच ते जाताना काय जातं ते समजतं.

प्रत्येक फोटोमागे गाव, महिना आणि पाणी कुठून आलं ते लिहून ठेव. कुणाची जागा, कुणी वाट दाखवली, तेही लिही. वर्षभर अशी नोंद केलीस तर बीडच्या मुलामुलींना आपला जिल्हा बाराही महिन्यांचा बघायला मिळेल. आपल्या शाळांमधून हे फोटो लावायचं मी बोलून ठेवतो. कामाला लाग.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा