स्वग्रामाऐवजी

दिल्लीत नोकरी करणाऱ्या सरकारी माणसाला वर्षाचे सहा ऋतू ठाऊक नसतात. त्याचे ऋतू तीनच : अर्थसंकल्पी अधिवेशन, पावसाळी अधिवेशन आणि हिवाळी अधिवेशन. या तिघांच्या सांदीत आठवड्या-पंधरवड्याची जी मोकळी जागा सापडेल तिला तो रजेचा हंगाम म्हणतो, आणि नेमकी त्याच वेळी मुलांच्या शाळेला सुटी असली तर ते पूर्वजन्मीचे सुकृत समजतो. हे प्रारंभीच सांगून टाकतो, कारण बेटाच्या सहलीचा आमच्या घरी जो बेत झाला त्यात समुद्राची भरती-ओहोटी पुष्कळ उशिरा आली; संसदेचे कामकाज आधी आले.

गोष्ट २०२४ च्या जुलै महिन्यातली. रामकृष्णपुरममधल्या आमच्या सरकारी घरात पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलीत होता. अशा एका संध्याकाळी आमच्या थोरल्या मुलीने जाहीर केले की, या वर्षी आपण एखाद्या बेटावर जायचे. तिने कागदावर रेघा मारून तीन रकाने पाडले : बेट, खर्च, ऋतू. धाकटा तिच्या खांद्यावरून डोकावून सूचना करू लागला. बाप अवर सचिव असल्याचे संस्कार मुलांवर होतात ते असे.

पहिल्या ओळीत घारापुरी आली. ती सर्वांत स्वस्त. डोंबिवलीला मेव्हण्याकडे मुक्काम ठोकायचा, अपोलो बंदरावरून लाँच धरायची, तासाभरात बेट. सोमवार तेवढा टाळायचा, त्या दिवशी लेणी बंद असतात. परंतु सकाळी जाऊन दुपारी परत येण्याच्या जागेला बेट म्हणायला धाकटा तयार होईना. जंजिऱ्याची तीच गत : राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी, किल्ला पाहा आणि परत फिरा. दीव हेही बेटच, पण मुख्य भूमीशी पुलाने जोडलेले; ‘मोटार जाते ते बेट कसले?’ हा आक्षेप सभागृहाने एकमताने मान्य केला. लक्षद्वीपला जायचे तर आधी प्रवेशपरवाना, मग कोचीन, मग जहाज किंवा अगत्तीचे विमान; आणि त्या वर्षी जानेवारीपासून साऱ्या देशालाच लक्षद्वीपचे वेध लागलेले. उरले अंदमान.

आमची सौभाग्यवती नागपूरची. तिच्या लेखी समुद्र ही सहलीला जाऊन पाहण्याची वस्तू आहे. माझे घराणे मालवणचे; आम्हांला समुद्र म्हणजे घराच्या मागचे परसू. त्यामुळे या चर्चेत मी काहीसा तटस्थ होतो. पण खर्चाचा रकाना भरण्याची वेळ आली तेव्हा ही तटस्थता संपली.

रजा प्रवास सवलतीचे गणित वाचकांना मी शिकवावे असे नाही. तरी ज्यांची मुले अजून लहान आहेत त्यांच्यासाठी सांगतो. सवलत भाड्याची असते. मुक्कामाची नसते, जेवणाची नसते आणि बेटावर पोहोचल्यावर होणाऱ्या हौसेची तर मुळीच नसते. माझ्या श्रेणीला विमानप्रवास मंजूर असल्याने दिल्लीपासून थेट जाता येणार होते. आमच्या शाखेतल्या एका तरुण साहाय्यकाने आदल्या वर्षी हीच सहल केली ती राजधानी गाडीने कलकत्त्यापर्यंत आणि पुढे विमानाने. नियम त्याला तेवढी मुभा देतो. त्याने परतीला मुद्दाम जहाज घेतले होते. कलकत्ता किंवा मद्रासपासून जहाजाला सुमारे तीन दिवस लागतात, आणि त्याच्या मते सगळ्या सहलीत ते तीन दिवसच काय ते लक्षात राहण्याजोगे होते. मला तो मार्ग फार आवडला. परंतु त्याची रजा त्याच्या अवर सचिवाने दिली होती. माझी रजा मला उपसचिवांकडून मिळवायची होती.

ऋतूचा रकाना अधिक कठीण. नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्या देशात प्रथम उतरतो तोच अंदमानात, मे महिन्याच्या मध्याला. म्हणजे दिल्लीच्या शाळांना उन्हाळी सुटी लागते आणि तिकडे समुद्र खवळतो. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला सुखाचा काळ. पण जानेवारीत आमच्याकडे अर्थसंकल्पाची घाई, फेब्रुवारीत परीक्षा आणि मार्चमध्ये वर्षअखेर. शिवाय नाताळात तिथल्या खोल्यांचे दर असे चढतात की, रकान्यातला आकडा पाहून मुलीने स्वतःच कागद उलटा ठेवला. दिवाळी त्या मानाने परवडणारी. ईशान्येकडचा पाऊस एखादा दिवस खाईल, पण खोली स्वस्त मिळेल, आणि दिल्लीतला दिवाळीचा धूर चुकेल तो वेगळाच. हिवाळी अधिवेशन नोव्हेंबरच्या अखेरीस. ठरले.

मग अर्ज. भारतात कोठेही जाण्याची जी सवलत चार वर्षांतून एकदा मिळते ती आम्ही गंगटोकला जाऊन आधीच वापरली होती. शिल्लक होती ती स्वग्रामाची. सरकारने काही वर्षांपासून, वेळोवेळी मुदत वाढवीत, अशी सोय ठेवली आहे की चार वर्षांच्या गटात स्वग्रामाची एक सवलत सोडून द्यावी आणि तिच्याऐवजी ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख किंवा अंदमान पाहावे. योजना उत्तमच आहे. पण अर्जात ‘स्वग्रामाऐवजी’ हा शब्द लिहिताना माझी लेखणी थांबली.

माझे वडील १९६८ साली दिल्लीला नोकरीस आले. माझा जन्म इथला. शाळा पहाडगंजमधले नूतन मराठी विद्यालय. मालवणी मला समजते, बोलताना मात्र जीभ अडखळते. घर काकांचे, जमीन काकांची. मी मालवणचा आहे याला कागदोपत्री पुरावा एकच : सेवापुस्तिकेतली स्वग्रामाची नोंद. ही नोंद सबंध नोकरीत फार तर एकदा बदलता येते; मी ती कधी बदलली नाही, बदलावी असे मनातही आले नाही. दर दोन वर्षांनी त्या एका ओळीच्या आधारावर सरकार मला माझ्या गावी पाठवी. इतर वेळी जाण्याची ऐपत नव्हती असे नाही. पण आपण सरकारी माणसे; मंजूर झालेले तेवढेच करतो.

काकांच्या पश्चात त्या घरात काकी एकट्या असतात. वय चौऱ्याऐंशी. फोनवर त्यांना बेत सांगितला तेव्हा क्षणभर पलीकडून फक्त झावळ्यांचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, ‘बाबू, समुद्र बघूक तितक्या लांब कित्याक जातास? हयलो काय आटलो?’ मी सावरकरांच्या कोठडीचे नाव पुढे केले. त्या लगेच विरघळल्या. ‘मगे जावा. माझो नमस्कार सांगा,’ म्हणाल्या. मला हायसे वाटले, आणि हायसे वाटले याची थोडी लाजही वाटली.

अर्ज दाखल होऊन फार दिवस झाले नसतील, तोच १३ सप्टेंबरला पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाल्याची घोषणा झाली. मंजुरीच्या कागदावर कोणते नाव घालावे यावर आमच्या शाखेत टिपण तयार झाले. ते टिपण माझ्याच मेजावरून गेले असते, पण स्वतःच्या प्रकरणात मत देऊ नये म्हणून मी ते पुढे सरकविले.

सहल चांगली झाली. हे स्पष्ट लिहितो, कारण पुढचे वाचून कोणाचा गैरसमज नको. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधला गेला. त्याच्या सात पाकळ्यांपैकी आज तीन उभ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोठडीपाशी आम्ही उभे होतो तेव्हा पुढे इचलकरंजीचे एक कुटुंब होते, मागे जळगावचे. कोणी कोणाशी बोलले नाही. मी मनातल्या मनात काकींचा निरोप पोहोचविला. स्वराजद्वीपाच्या राधानगर किनाऱ्यावर धाकटा असा डुंबला की, त्याला पाण्याबाहेर काढायला सूर्यास्ताची मदत घ्यावी लागली. तिथे नोव्हेंबरात पाचच्या सुमारास दिवस मावळतो. घड्याळ दिल्लीचे आणि सूर्य ब्रह्मदेशाचा, त्यामुळे सहलीचा दिवस पहाटे पाचला सुरू करावा हे उत्तम. आणखी एक व्यावहारिक सूचना : परतीच्या आदल्या रात्री श्री विजयपुरमलाच मुक्काम ठेवावा. वारा उठला आणि आमची बोट एक दिवस रद्द झाली. शहीदद्वीप त्यात बुडाले. शेवटचा दिवस राखीव ठेवला नसता तर विमानही गेले असते. सरकारी बोट स्वस्त पण तिकीट मिळणे दुरापास्त, खासगी बोट वेगवान पण महाग. चौघांच्या हिशेबात हा फरक चांगलाच बोचतो. विमानभाडे सोडून माझी बेरीज लाखाच्या पलीकडे गेली. मुलीने अंतिम आकडा कागदावर लाल शाईने लिहिला.

पुढच्या जूनमध्ये काकी परसात घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. त्या २०२५ साली पाऊसही कधी नव्हे इतका लवकर, मे महिन्यातच कोकणात उतरलेला. आम्ही चौघे मिळेल त्या विमानाने मोपाला उतरलो आणि तिथून मोटारीने मालवण गाठले. भाडे अर्थात सगळे पदरचे; गटातली स्वग्रामाची सवलत अंदमानला खर्ची पडली होती. पैशाचे मला तितके वाटले नाही. चुलतभावाने दारात बॅगा उतरवून घेत सहज म्हटले, ‘यंदा तुझी पाळी नव्हती ना?’ ते मात्र लागले. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. माझे येणे त्या घरात पाळीनेच होते, एवढेच तो म्हणाला.

शस्त्रक्रिया पार पडली. चौथ्या दिवशी पाऊस जरा थांबला तसा मुलांना घेऊन मी धक्क्यावर गेलो. समोर सिंधुदुर्ग. कुरटे बेटावरचा, १६६४ च्या नोव्हेंबरात पाया घातलेला, तीन वर्षांत उभा राहिलेला, आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी. हे सारे मी सांगत होतो. मुले पूर्वी आली तेव्हा फार लहान होती. धाकटा तर कडेवर होता. लाटा तटाला धडकत होत्या आणि पांढरा फेस बुरुजाच्या अर्ध्यापर्यंत चढत होता. मुलीने विचारले, ‘बाबा, हे बेट आपल्या कागदावर कसे नव्हते?’

मला उत्तर सुचले नाही. धक्क्यावर होडीला डांबर लावीत बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारले, किल्ल्यात जाता येईल का? त्याने मानही वर केली नाही. ‘होडये बंद आसत. गणपती झाल्यार येवा.’

पाव तासाची ती होडी. माझे वडील सांगत की त्यांच्या लहानपणी मुंबईची आगबोटही पावसाळ्यात बंद असे, आणि बंदरावरचे लोक वर्षाची मोजदाद ‘बोट बंद’ आणि ‘बोट सुरू’ अशीच करीत. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, तिची धास्ती माझ्या आजीने जन्मभर बाळगली. दिल्लीत बसून रकाने भरताना त्या ऋतूची मला आठवण झाली नव्हती. अंदमानच्या पावसाचे वेळापत्रक मात्र तोंडपाठ होते.

त्यानंतर महिन्याभराने, ११ जुलैला, शिवछत्रपतींशी निगडित बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. यादीत सिंधुदुर्ग पाहून धाकट्याने शाळेत सांगितले की, तो आमच्या घरासमोर आहे. किती जवळून पाहिलास, असे शिक्षिकेने विचारले तेव्हा तो गप्प राहिला, असे मुलगी म्हणाली.

काकी आता काठीच्या आधाराने पडवीपर्यंत येतात. यंदा जानेवारीपासून २०२६ ते २०२९ चा नवा गट सुरू झाला आहे. मुलीचा तो जुना कागद मी परवा टेबलाच्या खणातून काढला; घारापुरीच्या वर, समासात, तिने बारीक अक्षरात एक ओळ वाढवलेली दिसली : ‘कुरटे. होडीचे भाडे. गणपतीनंतर, मेअखेरपर्यंत.’ रविवारी फोनवर काकींनी विचारले, ‘मगे कधी येतास?’ मी म्हणालो, येतो काकी, अधिवेशनाच्या तारखा तेवढ्या लागू देत.