फिरकीचा तांब्या आणि नवा धातू

बदलीचा हुकूम हाती पडला की आपल्या संसाराचे वजन माणसाला खरे कळते. मुलुखापासून दूर चाकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना हा अनुभव दर तीन-चार वर्षांनी येतो, आणि दर खेपेस आम्ही निश्चय करतो की यापुढे जड वस्तू म्हणून घरात आणावयाची नाही. नव्या गावी पहिला पगार होईपर्यंत हा निश्चय टिकतो. मात्र एक जड वस्तू अशी आहे की तिच्याविषयी असला निश्चय करण्याचे आमच्या कधी मनातही आले नाही. ती म्हणजे आमच्या वडिलांचा फिरकीचा तांब्या. पितळेचा, गोल पोटाचा, आटे असलेल्या झाकणाचा आणि वर धरावयास कडी असलेला हा तांब्या ज्या घरात नाही असे जुने मराठी घर विरळाच. आगगाडीत तो कितीही कलंडला तरी थेंब सांडत नाही. आमच्या काट्यावर तो रिकामा सातशे चाळीस ग्रॅम भरतो.

सातशे चाळीस ग्रॅम हा आकडा आम्हांला इतकी वर्षे ठाऊक नव्हता, कारण तो तांब्या आम्ही कधी फारसा वाहिलाच नाही. फलाटावर हमाल होता, दौऱ्यावर शिपाई होता. जो वाहतो त्याला वजन कळते, ज्याची वस्तू असते त्याला ती फक्त सुंदर दिसते. हा तांब्या काट्यावर ठेवण्याचा प्रसंग काशीस आला.

गेली दोन वर्षे आमचा मुक्काम काशीत, ब्रह्माघाटावरच्या एका गल्लीत आहे. वाचकांपैकी जे इकडे येऊन गेले असतील त्यांना हा भाग परका वाटणार नाही. शेजारी दुर्गाघाट, पलीकडे पंचगंगा, आणि तेथेच औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधवाचे मंदिर. पिढ्यान् पिढ्या येथे राहिलेल्या मराठी घरांतून अजून सकाळी पूजेची मराठी ऐकू येते. तिच्यात हिंदीचे मिश्रण इतके सहज झाले आहे की नवख्याने सुधारावयास जाऊ नये. आमच्या घरमालकीण आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. लग्न होऊन या वाड्यात आल्यापासून रोज पहाटे घाटावर स्नान करून देवासाठी गंगा घेऊन येण्याचा त्यांचा नेम आहे. त्यासाठी त्यांची एक पितळी कळशी आहे. काशीचे घाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या पायऱ्यांची उंची सांगण्याची गरज नाही. पावसाळा सरल्यावर त्यांवर जो गाळ बसतो त्याचे वर्णनही नको.

दीड वर्षापूर्वी आजींच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन नवा सांधा बसला. डॉक्टरांनी चालण्यास मोकळीक दिली, ओझ्यास दिली नाही. आजींनी या सल्ल्याचा अर्धा भाग पाळला.

गेल्या वैशाखात त्यांची नात पुण्याहून आली. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतील प्राथमिक अभ्यासक्रम करून ती पुढे मैत्रिणींबरोबर केदारतालास जाणार होती, आणि वाटेत आजीपाशी चार दिवस राहणार होती. तिच्या पाठपिशवीतून एक राखाडी रंगाचे झाकणाचे पातेले निघाले. मुठी घडीच्या, पत्रा कागदासारखा पातळ. किंमत सात हजारांच्या घरात. आजींनी ते हातात घेतले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू वाण्याने तागडीत दगा केला आहे.

"भाऊ," त्या आम्हांला म्हणाल्या, "तुम्ही हिशेब तपासणाऱ्या खात्यातले. ह्या पोरीने सात हजार रुपये दिले, आणि हातात तर काहीच लागत नाही. बघा बरं."

"काका, हातात काही लागत नाही म्हणूनच सात हजार दिले," नात म्हणाली. आणि पुढे तिने जे सांगितले त्यामुळे हा वाद थट्टेचा राहिला नाही. तसल्याच धातूचे दोन लिटरांचे भांडे आजीसाठी मागवावयाचे तिच्या मनात होते. कळशी सुटली तर आजीचा नेम सुटणार नाही, असा तिचा हिशेब होता. आम्हांला पंच नेमण्यात आले. तपासणी करणे हा आमचा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे आम्ही नाही म्हणू शकलो नाही.

प्रथम किंमत. एखादी वस्तू महाग असली की ती दुर्मीळ असणार, असे आपण धरून चालतो. टायटॅनियमच्या बाबतीत हे मुळीच खरे नाही. भूपृष्ठात जी मूलद्रव्ये सर्वांत विपुल आहेत त्यांत याचा क्रम नववा लागतो. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर त्याची वाळू आहे, आणि आमच्या कोकणात रत्नागिरीच्या पुळणींवर जी काळी वाळू लहानपणी पायांना चटके देत असे तिच्यातही इल्मेनाइट नावाचे त्याचे खनिज आहे. म्हणजे सात हजारांच्या पातेल्याचा कच्चा माल आम्ही बालपणी फुकट तुडविला आहे! १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर या इंग्रज धर्मोपदेशकास कॉर्नवॉलच्या अशाच काळ्या वाळूत हे द्रव्य आढळले, आणि चार वर्षांनी क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक पुराणातील टायटन दैत्यांवरून त्याचे नाव ठेवले. नाव दैत्याचे पडले ते योग्यच झाले. वाळूतून हा धातू सुटा करणे म्हणजे दैत्याची बाटली उघडण्यासारखेच आहे. तापला की तो हवेतील प्राणवायू नि नत्रवायू ओढून घेतो आणि ठिसूळ होतो. म्हणून त्याची आधी क्लोरिन वायूशी गाठ घालावयाची, मग बंद पात्रात हवा काढून, आर्गॉन वायू भरून, वितळलेल्या मॅग्नेशियमकडून तो क्लोरिन परत काढून घ्यावयाचा. हाती येतो तो स्पंजासारखा सच्छिद्र गोळा, आणि तोही निर्वात भट्टीत विजेच्या ज्योतीने पुन्हा वितळवावा लागतो. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी ही रीत बसविली आणि १९४० मध्ये तिचे पेटंट मिळविले. पुढे पोलादासारखा हा धातू सतत वाहत्या भट्टीतून स्वस्तात काढता यावा म्हणून पुष्कळ खटपटी झाल्या. तरी जगाचे मुख्य उत्पादन अजून याच घाणी-घाणीने होणाऱ्या रीतीवर चालते. आपल्याकडे चवऱ्यालाच २०११ पासून असा स्पंज करण्याचा कारखाना आहे, आणि त्याचे मुख्य गिऱ्हाईक पातेली करणारे नसून अग्निबाण आणि विमाने करणारे आहेत. तेव्हा सात हजारांत धातूचे मोल थोडे, त्याला सोडविण्याची मजुरी फार. आणि नावाची मजुरीही थोडी नसावी, असा आमचा तपासनिसाचा संशय आहे.

नंतर वजन. येथे आम्ही काटा मागविला, आणि त्याच वेळी वडिलांचा तांब्याही त्यावर चढला. नातीचे पातेले झाकणासकट एकशे तीस ग्रॅम भरले, आणि त्यात नऊशे मिलिलिटर पाणी मावले. तांब्याशी याची तुलना करून आम्ही थक्क झालो असतो, पण नातीच्या पिशवीत तिच्या मैत्रिणीचे ॲल्युमिनियमचे पातेलेही होते. माप तेच, किंमत साडेआठशे, वजन एकशे सत्तर. टायटॅनियम सर्वांत हलका असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि टायटॅनियमची ४.५, म्हणजे मापास माप लावले तर ॲल्युमिनियम हलके. टायटॅनियम जिंकतो तो बळकटपणावर. त्याचा पत्रा फार पातळ काढला तरी चेपत नाही. पण या जिंकण्याने पदरात पडले ते चाळीस ग्रॅम. चाळीस ग्रॅम म्हणजे दोन पेढे. सहा हजारांवर रक्कम दोन पेढ्यांच्या वजनासाठी खर्च झाली, असा शेरा आमच्या खात्यात कोणीही मारला असता.

नात मात्र हरली नाही. "काका, एका वस्तूत चाळीस ग्रॅम. तंबू, झोपण्याची पिशवी, स्टोव्ह, चमचा, सगळ्यांत तसे वाचले की दोन किलो होतात. ते आठ दिवस माझ्या पाठीवर असतात, हमालाच्या नाही." या उत्तरावर आम्ही थोडा वेळ गप्प बसलो. १८५७ साली वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे उत्तरेतील सारी धामधूम पाहून घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. त्यांच्या 'माझा प्रवास'चे वाचन आम्ही अनेकदा केले, पण ती कावड किती शेरांची असेल हा प्रश्न आम्हांस त्या दिवसापर्यंत पडला नव्हता.

मात्र स्वयंपाकाच्या बाबतीत आम्ही नातीस सूट दिली नाही. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम टायटॅनियमच्या दसपट आणि तांबे अठरापट सरस. याचा व्यवहारातील अर्थ असा की टायटॅनियमच्या पातेल्यात ज्योतीखालची जागा लाल होते आणि कडा थंड राहतात. पाणी स्वतःच हिंडून उष्णता वाटून घेते, म्हणून चहाला हे पातेले उत्तम. पिठले, खिचडी, आमटी यांना हिंडता येत नाही, ती जागच्या जागी करपतात. त्यातून केदारताल साडेचार हजार मीटरांहून उंच. तेथे पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळू लागते, डाळ शिजता शिजत नाही. मराठी माणसाने ज्या भांड्यात आमटी होत नाही त्याला सात हजार द्यावेत काय, हा प्रश्न आम्ही गंभीरपणे विचारला.

आजींचा प्रश्न वेगळा होता. हा धातू देवाला चालतो काय? तांब्याचा मान पूजेत पहिला, पितळही चालते, लोखंड वर्ज्य. पण या चौथ्या धातूविषयी पूर्वजांनी काही सांगून ठेवले नव्हते. गल्लीतील उपाध्यायांना विचारले तर त्यांनी भांडे उलटसुलट करून पाहिले, आणि विचार करण्यास मुदत मागून घेतली. आजींचे मत ठरलेले होते. परका धातू, न जाणो कसला, तो गंगेला आणि देवाला लावावयाचा नाही.

यावर नात उठली आणि इस्पितळाचा कागद घेऊन आली. आजीच्या गुडघ्यात बसविलेल्या सांध्याचा नडगीकडचा भाग कशाचा आहे ते त्यावर लिहिले होते. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. "आजी, रोज गंगेत बुडी मारतेस तेव्हा हा काय काठावर काढून ठेवतेस?"

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आधी सांगायचंस."

गुडघ्याचा हिशेब मात्र निराळा, आणि तेथे आमची लेखणी शेरा मारण्यास धजत नाही. शरीर या धातूला परका मानीत नाही. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसविलेली टायटॅनियमची नळी काढू पाहिली, तो हाड तिला घट्ट चिकटून बसलेले. दात बसविण्याची आजची विद्या या चिकटण्यावर उभी राहिली, आणि सांध्यांतही हा गुण कामास आला. हा धातू गंजत नाही, झिरपत नाही, कशाशी भांडत नाही. तेथे दिलेला रुपया न् रुपया वसूल होतो. भांड्यात मात्र हाच गुण उदासीन ठरतो. तांब्याच्या भांड्यात पाणी रात्रभर ठेवले तर काही रोगजंतू मरतात असे प्रयोगांत दिसून आले आहे. टायटॅनियम पाण्याचे बरेही करीत नाही नि वाईटही.

आता उरला नेमाचा प्रश्न. आजींची कळशी रिकामी साडेतेराशे ग्रॅम भरली. भरल्यावर तीत दोन लिटर, म्हणजे दोन किलो गंगा. टायटॅनियमचे भांडे आणले असते तर आजींच्या हातावरचे ओझे तीन किलो साडेतीनशेवरून सव्वादोनवर आले असते. पाण्याला कोणी हलका धातू शोधलेला नाही. आम्ही विचारले, "आजी, देवाला दोन लिटर लागतात कशाला?" उत्तर असे मिळाले की सासूबाई कळशी भरून आणीत. सासूबाईंच्या वेळी वाड्यात अकरा माणसे होती, तीर्थ सर्वांना लागे. आता आजी एकट्या, आणि धरल्यास आम्ही.

दुसऱ्या दिवशी तिघेही ठठेरी बाजारात गेलो. भारतेंदु हरिश्चंद्रांचा वाडा जेथे आहे तोच हा भांड्यांचा बाजार. अर्धा लिटर मावेल असा तांब्याचा गडू तेथे तीनशे ग्रॅमांचा मिळाला. पाण्यासकट आठशे. किंमत नव्या धातूच्या पासंगालाही न पुरणारी. नातीच्या आग्रहाने आम्ही दुकानदाराला तिचे पातेलेही दाखविले, आणि मोडीत याचे काय मिळेल असे विचारले. त्याने ते टिचकी मारून ऐकले, तराजूत टाकले, आणि हसून परत दिले. पितळेची कळशी चाळीस वर्षे वापरून मोडीत घातली तरी धातूचे पैसे येतात, मजुरी तेवढी जाते. टायटॅनियमची ठठेरी बाजारात मोड नाही. घेणाऱ्याने ही रक्कम पहिल्याच दिवशी खर्ची टाकावी. जो वर्षातून महिनाभर स्वतःच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर चढतो आणि ज्याची पिशवी इतर बाबतींत आधीच उतरविलेली आहे, त्याने ती खुशाल टाकावी, असे आम्ही नातीच्या बाजूने लिहून दिले. दौऱ्यावर मोटारीतून जाणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी हे पातेले म्हणजे शोभेची वस्तू आहे. साडेआठशेवाली मैत्रीणही केदारतालास पोचेलच.

कळशी मोडीत द्यावी, असे दुकानदाराने सुचविले. आजींनी ते मनावर घेतले नाही. ती आता स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याची झाली आहे, आणि गडू घाटावर जातो.

जेठात नातीचा निरोप आला. केदारतालाजवळ थंडी फार होती, चहा झटपट झाला, खिचडी तळाला लागली. केदारगंगेच्या वाळूने पातेले घासून काढले, पण जेथे ज्योत लागत होती तेथे निळी-जांभळी छटा उमटली आहे, ती जात नाही. आम्ही हा मजकूर आजींना वाचून दाखविला.

"त्याला कल्हई लागते का, विचारा," आजी म्हणाल्या.