तालाची उधारी

गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वातील उत्तम त्यागाच्या दिवशी, राजाबाजारच्या जिनमंदिरातून परतताना काकाजींनी एक नियम मनाशी निश्चित केला. परिग्रह-परिमाण त्यांनी पूर्वीच घेतले होते. वस्त्रे, भांडी, सोने, सारे मोजून झाले होते. मोजणीतून सुटले होते ते केवळ माडीवरचे लाकडी कपाट. त्यात सव्वातीनशे ध्वनिमुद्रिका होत्या आणि त्यांपैकी बहुतेक नृत्यसंगीताच्या. चाळीस ठेवायच्या, उरलेल्या देऊन टाकायच्या आणि क्षमावाणीपूर्वी हे काम संपवायचे, असे त्यांनी ठरविले.

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर कापडाचे दुकान चालविणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थाला असा छंद असावा, याचे अनेकांना नवल वाटते. त्यांच्या बाबूजींना तर तो कधीच रुचला नाही. १९८० साली ‘कुर्बानी’ची रेकॉर्ड घरात आली, तेव्हा ते रागावले नाहीत; “या ढमढमीत धर्म कुठे बसतो?” एवढेच त्यांनी विचारले. काकाजींना उत्तर देता आले नाही. पुढे स्वाध्यायात त्यांना आदिपुराणातील दोन नृत्ये भेटली. भगवान ऋषभदेवांच्या जन्मोत्सवात इंद्र आनंदाने नाचतो. आणि पुढे नीलांजना नाचता नाचता आयुष्य संपून अदृश्य होते, ते पाहून भगवंतांना वैराग्य येते. नृत्य एकच, पाहणाऱ्याने त्यातून काय घ्यावे हे त्याच्यावर. हे उत्तर सापडले तेव्हा ते ऐकायला बाबूजी राहिले नव्हते.

पर्वाच्या दिवसांत गाणे वाजविणे नव्हते. त्यामुळे निवड सारी स्मरणावर झाली.

पहिली बाजूला निघाली ती १९५४ च्या ‘नागिन’ची जुनी तबकडी. तिच्यातील बीनेची सुप्रसिद्ध धून बीनेवर वाजलेलीच नाही. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलाइन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजविली होती. कल्याणजी-आनंदजींचे वडील वीरजी शहा कच्छहून मुंबईला आले आणि त्यांनी किराणा दुकान थाटले. दुकानाची थकबाकी देता न येणाऱ्या एका ग्राहकाने तिच्या बदल्यात या मुलांना संगीताचे पहिले धडे दिले, असे सांगतात. आणि त्या शिक्षकाला स्वतःलाच फारसे संगीत येत नव्हते, अशीही पुस्ती जोडतात. काकाजी ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणतात, “बुडीत उधारीची याहून चांगली वसुली आपल्या कोणत्याही पेढीने केली नसेल.”

‘कुर्बानी’ही राहिली. तिची बहुतेक गाणी कल्याणजी-आनंदजींची. परंतु बिद्दू यांनी रचलेले आणि किशोरवयीन नाझिया हसनने गायलेले एकच गाणे साऱ्या देशाला डिस्कोची चटक लावून गेले. असे असूनही डिस्कोविषयी काकाजींचे मत कठोर आहे. कहरव्याच्या आठ मात्रांत खाली असते, तिथे ताल श्वास घेतो आणि समेवर परततो. डिस्कोत प्रत्येक मात्रेवर तोच जड ठोका पडतो. जिथे प्रत्येक मात्राच सम होते, तिथे समेवर येण्याचा आनंद उरत नाही. म्हणून डिस्कोच्या साठ-सत्तर ध्वनिमुद्रिका त्यांनी फारसे दुःख न करता बाजूला केल्या.

अनपेक्षितपणे टिकले ते ‘बिग बीट’. नव्वदीच्या दशकात इंग्लंडमध्ये फोफावलेला हा प्रकार त्यांच्या मुलाने पुण्याला शिकत असताना घरी आणला. फॅटबॉय स्लिमचा १९९८ चा संग्रह त्याने लावला, तेव्हा काकाजींनी आधी कानांवर हात ठेवले आणि मग हळूहळू काढले. जुन्या अमेरिकी फंक तबकड्यांवरील ढोलाचा तुकडा कापायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर नवी रचना चढवायची, अशी ही रीत. त्या तुकड्यात मूळ वादकाच्या हाताचे अडखळणे, थांबणे, उसळणे सारे शाबूत असते. यंत्रातूनच खाली परत आली, असे त्यांना वाटले.

परंतु व्यापाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहिला: हा माल कोणाचा? याच संग्रहातील ‘प्रेझ यू’ या गीताचा आवाज कॅमिल यारब्रो यांच्या १९७५ च्या ध्वनिमुद्रिकेतून घेतला आहे आणि रचनाकारांत त्यांचे नाव आहे. २००५ साली ब्लॅक आइड पीज या अमेरिकी गटाने ‘डॉन’ (१९७८) आणि ‘अपराध’ (१९७२) या चित्रपटांतील संगीतावर एक गीत उभारले. त्याला ग्रॅमी मिळाले आणि श्रेयनामावलीत कल्याणजी-आनंदजींचे नाव आले. ही खाती चोख. याउलट २००२ च्या ‘अॅडिक्टिव्ह’ या अमेरिकी गीतात ‘ज्योति’ चित्रपटातील लताबाईंच्या गाण्याचा तुकडा न विचारता घेतला गेला. संगीतकार बप्पी लाहिरी यांना श्रेय दिल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाला २००३ मध्ये द्यावा लागला. अर्थात बप्पीदांच्या स्वतःच्या काही चालीही परदेशी तबकड्यांवरून आल्याचे सर्वश्रुत आहे, हे काकाजी झाकत नाहीत.

काकाजींचा निकष येथे ठरला. उसने घेण्यात दोष नाही. पेढी भांडवलावरच चालते. दोष आहे तो नोंद न करण्यात. न दिलेले घेणे ते अदत्तादान. आणि श्रावकाला तर चोरीचा माल विकत घेणेही वर्ज्य सांगितले आहे. नातवाने विचारले, “दादाजी, नुसतं ऐकणाऱ्यालाही हा नियम लागू होतो का?” काकाजी म्हणाले, “ऐकणाऱ्यानं निदान मूळ धनी कोण, एवढं तरी विचारावं.”

चाळिसावी ध्वनिमुद्रिका त्यांनी सर्वांत आधी मनात धरली होती आणि सर्वांत शेवटी हातात घेतली. चरणजित सिंग यांची १९८२ ची, दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजविणारी. चित्रपटसंगीतात वाद्ये वाजविणाऱ्या या कलावंताने जपानी बनावटीची नवी यंत्रे आणून ललित, यमन, कलावती असे राग त्यांवर मांडले. तेव्हा तिच्याकडे कोणी फिरकले नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच जातीच्या यंत्रावर ‘अॅसिड हाउस’ जन्माला आले. २०१० मध्ये ही ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली आणि जग चकित झाले. आज मूळ प्रतीला संग्राहक मोठी किंमत मोजतात. डिस्कोचा ठोका काकाजींना केवळ इथेच मान्य आहे, कारण रागाचा श्वास त्याच्या वर मोकळा चालतो.

वेष्टनाच्या कोपऱ्यात निळ्या शाईने एक नाव लिहिलेले होते. ते काकाजींचे नव्हते. शहागंजात राहणाऱ्या, ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजविणाऱ्या एका मित्राने १९८३ साली ती चार दिवसांसाठी दिली होती. त्याने दोनदा मागितली. दोन्ही वेळा काकाजी म्हणाले, “सापडत नाही, बघतो.” ती कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते. साऱ्या जगाच्या चोपड्या तपासून झाल्यावर ही एक नोंद समोर आली.

मित्र हयात नाही. क्षमावाणीच्या दिवशी काकाजी सिडकोत त्याच्या मुलीकडे गेले, ध्वनिमुद्रिका पुढे केली आणि सारे खरे सांगून हात जोडले. ती बराच वेळ कोपऱ्यातले नाव पाहत राहिली. मग म्हणाली, “बाबा शेवटपर्यंत आठवण काढायचे. आपल्याच हातून हरवली, असं त्यांना वाटत होतं.” थोड्या वेळाने तिने ती दोन्ही हातांनी उचलून आत नेली आणि काकाजींसाठी पाणी आणले.

कपाटात आता एकोणचाळीस ध्वनिमुद्रिका आहेत. नियमाप्रमाणे आणखी एक ठेवता येते. काकाजींनी ती जागा रिकामीच ठेवली आहे.