माळ राखला तर रान राहील

पनवेल-रोहा लोहमार्गावरचं जिते हे हमरापूरच्या गणपती-कारखान्यांच्या शेजारातलं गाव. बाहेरचा माणूस या पट्ट्यात पायी फिरायला येतो तो बहुधा कर्नाळ्याचा सुळका नाहीतर सांकशीचा किल्ला गाठायला. माथ्याची ओढ लागली की वाटेवरचं सारं नुसतं ओलांडायचं होऊन बसतं. मला तर डोंगरपायथ्याच्या गावाभोवतीची गोल वाटच अधिक मोलाची वाटते. भाताच्या खाचरांच्या बांधावरून निघावं, नाचणी-वरीच्या वरकस उतारावरून माळावर यावं, करवंदीच्या जाळ्यांच्या कडेनं ऐन-किंजळाच्या रानात शिरावं आणि ओढ्याकाठानं पुन्हा खाचरांत उतरावं. चढ बेताचा, सवयीच्या पायांना दोन-तीन तास पुरतात. ही फेरी डोळे उघडे ठेवून केली तर एक गोष्ट पटते: माळ आणि रान ही एकाच संसाराची दोन दालनं आहेत. एकाची किंमत शून्य धरून दुसरं वाचवता येत नाही.

पुरावा वाटेवरच पडलेला असतो. टिटवी अंडी घालते ती उघड्यावर, खड्यांमध्ये. अंडीही खड्यांच्याच रंगाची, पाय पडेपर्यंत दिसू नयेत अशी. चंडोल घरटं करतो गवताच्या बुडाशी. ही पाखरं दाट झाडोऱ्यात नांदत नाहीत; तांबट आणि हळद्या झाडं सोडून माळावर संसार मांडत नाहीत. माणसाच्या ताटातही हेच दिसतं. पहिल्या पावसात डोंगरउतारावर, झुडपांच्या आडोशाला शेवळं उगवतात आणि कातकरी, ठाकर बाया त्यांच्या जुड्या बांधून पेणच्या बाजारात आणतात. शेवळं घशाला खाजरी. ती खाज मारायला भाजीत काकडाची आंबट फळं घालावी लागतात, आणि काकड हा रानातला उंच वृक्ष. झुडपांची कड आणि झाडांचं रान, दोन्ही शाबूत असतील तरच ही भाजी रांधता येते.

खाचरांचंही तसंच. कोकणातल्या भातशेतीत पेरणीआधी राब भाजतात. रोपांच्या वाफ्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या डहाळ्या, मग पालापाचोळा आणि गवत, वर मातीचा पातळ थर. आणि पेटवायचं ते वारा ज्या दिशेला वाहतो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सरकत सावकाश धुमसते आणि माती नीट भाजते. यात डहाळी रानाची, गवत माळाचं, शेण माळावर चरलेल्या गुरांचं. इंग्रजी अमलात जंगलखात्यानं रानाभोवती कायद्याची हद्द आखली, तेव्हा डहाळीचा हा एक धागा तुटताच सगळी वीण उसवली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या रयतेची गाऱ्हाणी ऐकायला सरकारला १८८५ साली जंगल आयोग नेमावा लागला, त्यात राबाचा प्रश्न ठळक होता. आजचा रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा. पुढे २५ सप्टेंबर १९३० रोजी शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. रानाचा हक्क हा इथल्या शेतकऱ्याला पोटापाण्याचा हक्क वाटत होता, हे ते रक्त सांगतं.

यावर जाणकार म्हणतील, कोकणातला माळ हा तोडलेल्या, जाळलेल्या रानाचाच अवशेष. इतका धो धो पाऊस पडणाऱ्या मुलखात मोकळं सोडलं तर रानच वाढेल, मग झाडं लावण्यात गैर काय? आक्षेपात तथ्य आहे. पुष्कळ माळ कुऱ्हाडीनं आणि विस्तवानं घडवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या उतारावर माती धरून आहे आणि ऐनाचे, कुड्याचे फुटवे दिसतात, तिथे रान येऊ द्यावं, मी त्याच्या बाजूचा आहे. पण मुरमाच्या पाठीवर जिथे वीतभरही माती नाही, तिथे खड्डे खणून परदेशी अकेशियाच्या रांगा उभ्या केल्या की काय होतं ते कोकणात ठिकठिकाणी दिसतं: खाली पाल्याचा जाड थर, त्यातून गवत नाही, करवंद नाही, गुरांना तोंड लावायला जागा नाही. ते रानही नव्हे आणि माळही उरत नाही. दुसरा आक्षेप वणव्याचा. वाळलेलं गवत पेटतं आणि आग रानात शिरते, हे खरंच. पण ज्या माळावरचं गवत वेळेवर कापलं जातं, गुरं चरतात, तिथे फाल्गुनात जळायला उरतं किती? वणवा माजतो तो कुणाचा विळा न फिरलेल्या माळावर.

सगळ्यांत जड आक्षेप पैशाचा, आणि तो मी हलका मानत नाही. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, मुंबई जवळ आली. त्याच वर्षी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांचं नियोजन एमएमआरडीएच्या हाती गेलं. भातातून वर्षाला जे सुटतं त्याच्या कितीतरी पट एक गुंठा देतो. शेतकऱ्यानं जमीन विकू नये असं शहरात बसून सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. मात्र खासगी सातबारा वेगळा आणि गावाचं गुरचरण वेगळं. गुरचरण कुणा एकाचं नसतं, म्हणूनच त्यावर पहिली नजर जाते. वनहक्क कायद्यानं, २००६ साली, सामूहिक वनहक्काचा दावा तपासून ठराव करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि तो दावा उभा राहतो वापराच्या पुराव्यावर. तेव्हा जित्यासारख्या पायथ्याच्या प्रत्येक गावानं वर्षातून दोनदा, एकदा शेवळांच्या दिवसांत आणि एकदा फाल्गुनात, अशी शिवारफेरी काढावी. कातकरीवाडीतल्या जुन्या बाया पुढे असाव्यात, शाळेतली पोरं सोबत असावीत. कुठलं गवत, कुठला पाणवठा, कुठला काकड आणि तो कोण वापरतं, हे सारं त्याच दिवशी ग्रामसभेच्या वहीत नावनिशीवार लिहून घ्यावं. नवनगराच्या आराखड्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा ती वही हाताशी लागेल.