पडवीतल्या सूर्यकोरी

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार, माघातली अमावास्या. त्या दुपारी आमची सोलापुरातली गल्ली मध्यरात्रीसारखी निपचित पडली होती. दारे-खिडक्या बंद, चुली थंड, आणि घरात गरोदर काकू असल्याने आजीचा पहारा अधिकच कडक.

दादाला जाऊन सहा महिने झाले होते. कावीळ झाल्याचे कळले तेव्हा उशीर झाला होता. या ग्रहणाची वाट त्याने वर्षभर पाहिली होती. खग्रास पट्टा अंकोला, हुबळी, गदग, रायचूर असा जाणार, सोलापुरात मात्र ते खंडग्रासच दिसणार, म्हणून आपल्या मित्रासह रेल्वेने रायचूर गाठायचे त्याने ठरवले होते. आजोबांशी त्याचा रोज वाद रंगे. जीवराज जैन ग्रंथमालेने आपल्या सोलापुरातूनच प्रसिद्ध केलेल्या ‘तिलोयपण्णत्ती’च्या आधारे आजोबा सांगत, की केतूचे विमान सूर्यबिंबाखाली येते; दादा म्हणे, ती चंद्राची सावली. दोघेही हरत नसत. दादा गेल्यावर आजोबांनी तो ग्रंथ उघडला नाही. घरात कोणी त्याचे नावही घेत नसे. मी तर रडलेही नव्हते. आईला सांभाळता सांभाळता ते राहूनच गेले.

ग्रहण लागण्याच्या थोडे आधी दारावर थाप पडली. दादाचा मित्र होता. तो अठरा वर्षांचा, मी सोळाची. दादाची वही परत करायला आलो, असे तो म्हणाला. आता बाहेर पडू नकोस, म्हणून आजीने त्यालाही कोंडून घेतले.

आमच्या पडवीच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोके होती. त्यांतून ऊन भिंतीवर गोल कवडशांनी उतरे. जन्मापासून पाहिलेले ते कवडसे. साडेतीनच्या सुमारास तो हलकेच म्हणाला, “तिकडे बघ.” सगळे कवडसे झिजले होते. भिंतभर कोरी पसरल्या होत्या, वीस-पंचवीस तरी, नखाएवढ्या, उलट्या. आकाशाकडे मान वर न करता आम्ही सूर्य पाहत होतो.

आजोबा काठी टेकत आले आणि बराच वेळ भिंतीपुढे उभे राहिले. मग विचारले, “किती वाजता सुटेल म्हणत होता तो?”

‘तो’ म्हणजे कोण, हे सांगावे लागले नाही. मित्राने वही उघडून दादाच्या अक्षरातली वेळ वाचून दाखवली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती; तिने पदर तोंडाला लावला. मला मात्र हुंदका आवरला नाही. कोणी “रडू नको” म्हणाले नाही. मित्राने आपला रुमाल माझ्याजवळ, खांबाच्या कडेला, न बोलता ठेवला.

तेवढ्यात मला उमगले : रायचूरला दोन-अडीच मिनिटांची पूर्ण काळोखी होती, आणि ती सोडून हा मुलगा आमच्या पडवीत बसला होता. “गेला का नाहीस?” मी विचारले. “एकट्याने कसं जायचं?” इतकेच तो बोलला. ते दादाविषयी होते, हे मला कळत होते. तरी कान तापले.

आजीने ग्रहण सुटल्यावर सर्वांना आंघोळी करायला लावल्या. त्या रात्री आजोबांनी ग्रंथ काढला आणि दादाची वही त्यातच ठेवली.

पुढे तो शिक्षणासाठी पुण्याला गेला. पत्रे आजोबांच्या नावे येत. मीच ती त्यांना वाचून दाखवी. प्रत्येकाच्या शेवटी एक ओळ असे : पडवीचा पत्रा बदलला का? आजोबा हसत आणि “कळव त्याला,” म्हणत.

१९८३च्या पावसाळ्याआधी बाबांनी पत्रा बदलला. ते मी त्याला कळवले नाही. तोवर माझे लग्न ठरले होते.