सगळं हिरवं आहे, तरी फोन केला



सिंगापुरात नवीन ओळख झाली की नावानंतरचा प्रश्न 'काय करता?' हाच असतो. 'आयटी' म्हटलं की सुटका होते, कारण विचारणाराही बहुधा आयटीतलाच असतो. गावी गेलं की मात्र आत्या सोडत नाही. "म्हंजी नक्की करतोस काय रं तू?" प्रोग्राम लिहितोस का? नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करतोस का? तेही नाही. मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी, बिलं, गोदामं, पगार ज्या सॉफ्टवेअरवर चालतात ती सॉफ्टवेअरं आणि त्यांच्या मागचे डेटाबेस नीट चालू आहेत ना, हे आमची टीम दिवसरात्र बघत बसते. (काही जण 'विदागार' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण रात्री पावणेतीनला 'विदागार थबकलं हो' असा फोन अजून तरी कुणी केलेला नाही. :-) )

हे सगळं ऐकून आमचे अण्णा एकदा म्हणाले, "सबस्टेशनचा ऑपरेटर आहे म्हण की." अण्णा स्वतः तीसेक वर्षं तेच करत होते, सांगली जिल्ह्यात विट्याच्या बाजूला. आत्याला लगेच कळलं. मला वालचंदची पदवी आणि पंधरा वर्षांची नोकरी एका वाक्यात बसलेली बघून जरा वाईट वाटलं, पण वर्णन बरोबर होतं.

लिहायला बसलो ते मार्चअखेरच्या एका रात्रीमुळे. आम्ही मरीन परेडला बाराव्या मजल्यावर भाड्याने राहतो. ही सगळी वसाहत समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवर उभी आहे, आणि खिडकीतून अजूनही नांगर टाकलेल्या जहाजांचे दिवे दिसतात. ऑन-कॉलच्या आठवड्यात मी फोन घेऊन हॉलमध्येच झोपतो, म्हणजे पोरगी उठत नाही. पावणेतीनला फोन थरथरला. पुण्यात तेव्हा सव्वाबारा. आमच्या पुण्याच्या टीममध्ये पहिल्या स्तरावर रात्रपाळी करणारी एक मुलगी आहे, नोकरीला लागून चारपाच महिने झालेली. नाव लिहीत नाही.

"सर, सॉरी, झोपमोड केली. डॅशबोर्ड सगळा हिरवा आहे."

"मग?"

"या वेळेला गोदामाचे मेसेज धो धो येत असतात. आज पंधरा मिनिटं झाली, एकही आला नाही. मला काहीतरी बरोबर वाटत नाहीये."

नियमाप्रमाणे तिने असा फोन करायचा नाही. पिवळं किंवा लाल दिसलं तर तिकीट काढायचं, ते दुसऱ्या स्तराकडे जाणार, त्यांनी बघायचं, आणि त्यांना झेपलं नाही तर मग माझा फोन वाजणार. इथे तिकीट कशाचं काढणार? सगळं हिरवं होतं.

लॅपटॉप उघडला. सर्व्हर जिवंत, नेटवर्क ठीक, डेटाबेसची प्रोसेस चालू, सीपीयू जेमतेम पाच टक्के. इतका शांत डेटाबेस तिमाहीअखेरच्या रात्री? आत शिरून बघितल्यावर कळलं. ज्यांचा ओरॅकलशी संबंध आहे त्यांनी ओळखलंच असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. डेटाबेसमध्ये होणारा प्रत्येक बदल आधी 'रीडो लॉग'मध्ये लिहिला जातो. हे लॉग मोजकेच असतात आणि आळीपाळीने वापरले जातात. एक भरला की त्याची प्रत बाजूला काढून ठेवायची (ते आर्काइव्ह), मगच त्यावर पुन्हा लिहायचं. आता ही प्रत ठेवायची जागाच भरली तर? डेटाबेस मरत नाही, तो थांबतो. ज्याला काही लिहायचंय तो प्रत्येक जण रांगेत उभा राहतो. कुणीच काही करत नसल्यामुळे सीपीयू खाली येतो आणि आलेख अगदी निरोगी दिसतो. नाडी चालू आहे का एवढंच विचारणाऱ्या यंत्राला सगळं उत्तम वाटतं.

त्या रात्री एक मोठी डेटा-भरणी मध्येच पडली म्हणून पुन्हा चालवली गेली होती, आणि आर्काइव्हची जागा दुप्पट वेगाने भरली. 'नव्वद टक्के भरली' अशी सूचना अकराच्या सुमारास ईमेलने गेलीही होती. ज्या मेलबॉक्समध्ये गेली त्यात दिवसाला चारशे सूचना येतात. तिथे कोण वाचणार?

अशा वेळी आर्काइव्हच्या जुन्या फायली हाताने उडवायचा मोह होतो. मित्रांनो, ते करू नये. त्यांचा बॅकअप झालेला नसेल तर साखळी तुटते आणि पुढेमागे डेटाबेस परत उभा करायची वेळ आली तर त्या कडीपाशी अडकायला होतं. जागा वाढवायला ग्राहकाची परवानगी लागते, म्हणून त्यांच्या मॅनेजरला उठवलं. त्यांनी आधी झोपमोडीबद्दल दोन शब्द ऐकवले आणि मग परवानगी दिली. जागा वाढवली, आर्काइव्ह बॅकअपला लावले, सव्वातीनला मेसेज धावायला लागले. पाच वाजता त्यांच्या गोदामातले ट्रक भरायला सुरुवात होते. ट्रक वेळेवर निघाले.

दुसऱ्या दिवशी अण्णांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी त्यांची एक सांगितली. सबस्टेशनला दर तासाला लॉगशीट भरायची असते: प्रत्येक फीडरचे अँपिअर, व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरचं तापमान. विट्याकडे यंत्रमाग भरपूर, त्यामुळे रात्रीचा लोडही ठरलेला. वळवाच्या एका रात्री एका फीडरच्या तीन फेजपैकी एका फेजचा काटा निम्म्याच्या खाली आला. ब्रेकर ट्रिप झाला नव्हता. लोड जास्त झाला तर ब्रेकर पडतो, कमी झाला तर त्याचं काही जात नाही. अण्णांनी ब्रेकर हाताने उघडला, फीडर बंद केला आणि लाइनमनला उठवलं. कारखानदारांचे फोन सुरू झाले, साहेबांनी 'ट्रिप नसताना बंद का केला' म्हणून विचारलं. सकाळी एका शेताच्या बांधावर तार तुटून पडलेली सापडली. कोरड्या जमिनीवर पडलेली तार कधी कधी इतका कमी करंट ओढते की ब्रेकरला पत्ताच लागत नाही, आणि ती जिवंतच राहते. बांधावरून सकाळी कुणीतरी जाणारच होतं.

हे ऐकल्यावर मी आमच्या सगळ्या सूचनांची यादी काढून बसलो. साडेतीनशेच्या आसपास नियम. सीपीयू ८५च्या वर, डिस्क ९०च्या वर, प्रतिसादाला ३ सेकंदांपेक्षा जास्त... सगळे 'वर' आणि 'जास्त'. 'नेहमीपेक्षा कमी' हा एकही नियम नाही. आमची साधनं सगळी अशीच सजवलेली असतात, आणि इथल्या बऱ्याच जणांकडेही चित्र वेगळं नसेल असा माझा अंदाज आहे.

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. चार दिवसांनी आढावा बैठक झाली. घटनेचं कारण, उपाय, किती वेळ लागला वगैरे झालं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: 'प्रक्रियेचं उल्लंघन. पहिल्या स्तराने दुसरा स्तर वगळून थेट संपर्क साधला.' मुलगी प्रोबेशनवर, मे महिन्यात कन्फर्मेशन. असा एक शेरा पुरतो.

यामागचं गणितही सांगायला हवं. कंत्राटात महिन्याला ठरावीक संख्येपर्यंतच गंभीर घटना चालतात, त्यापुढच्या प्रत्येकीला दंड. म्हणजे घटना घडण्यापेक्षा ती नोंदली जाणं महाग. अशा व्यवस्थेत 'काहीतरी बरोबर नाही' म्हणणारं माणूस कुणालाच आवडत नाही. त्यात कुणा एकाचा दुष्टपणा नाही, कंत्राटच तसं लिहिलंय.

सिंगापुरात राहणाऱ्यांना याचं मोठं उदाहरण माहीत आहे. २०१८ साली सिंगहेल्थच्या डेटाबेसमधून १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. त्यात त्या वेळचे पंतप्रधान ली श्येन लूंग यांचीही होती. चोर आत शिरले होते २०१७च्या ऑगस्टमध्ये, माहिती बाहेर नेली २७ जून ते ४ जुलै २०१८ या आठवड्यात. ती थांबली कशी? ४ जुलैला डेटाबेस सांभाळणाऱ्या एका कर्मचाऱ्याला काही विचित्र क्वेऱ्या दिसल्या आणि त्याने सहकाऱ्यांबरोबर त्या बंद पाडल्या. आपल्यासारखाच एक सपोर्टवाला! आधी जून महिन्यातही त्या डेटाबेसवर लॉगिनचे फसलेले प्रयत्न कर्मचाऱ्यांच्या नजरेला आले होते. पण ४ जुलैला दिसलेली गोष्ट वरिष्ठ व्यवस्थापनापर्यंत पोचायला ९ जुलै उजाडला, आणि सायबर सुरक्षा यंत्रणेला कळलं १० जुलैला. २० जुलैला जाहीर झालं.

चौकशी समितीचा अहवाल जानेवारी २०१९मध्ये आला. त्यात तांत्रिक शिफारशी पुष्कळ आहेत, मला मात्र एकच जागा आठवत राहते. ज्याने पुढे कळवायचं त्या व्यवस्थापकाने कळवणं लांबवलं, कारण वर समजलं की आपल्यावर आणि टीमवर दबाव वाढेल असं त्याला वाटत होतं. आणि खात्री झाल्याशिवाय कळवायचं नसतं असाही समज होता. पुढे माहिती संरक्षण आयोगाने दोन संस्थांना मिळून दहा लाख डॉलर दंड केला, त्यातला साडेसात लाख यंत्रणा सांभाळणाऱ्या कंपनीला. दहा लाखांच्या दंडात हे 'वाटणं' कुठेच मोजलेलं नाही.

कळवण्याचे नियम इथे नाहीत असं कुणी म्हणू शकणार नाही. बँकांना तर चलन प्राधिकरणाचा नियम २०१४पासून लागू आहे: महत्त्वाची यंत्रणा बारा महिन्यांत एकूण चार तासांपेक्षा जास्त अचानक बंद पडता कामा नये, आणि गंभीर घटना कळल्यापासून तासाभरात प्राधिकरणाला कळवायची. तरीही १४ ऑक्टोबर २०२३च्या शनिवारी एका डेटा सेंटरची शीतयंत्रणा बिघडली आणि डीबीएस आणि सिटीबँक दोन्ही आडव्या झाल्या. कंत्राटदाराने थंड पाण्याच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद होतील असा चुकीचा संकेत दिला होता. पर्यायी डेटा सेंटर दोघांकडे होती, पण तिथे सगळं पूर्ण उभं राहिलं नाही. संसदेत सांगितलेला आकडा असा: पेमेंट आणि एटीएमचे सुमारे २५ लाख व्यवहार पूर्ण होऊ शकले नाहीत. पर्यायी जागेचा दिवाही त्या दिवसापर्यंत हिरवाच असणार. (डीबीएसच्या मुख्याधिकाऱ्यांचा त्या वर्षीचा बदलता पगार ३० टक्के कापला गेला, हे मात्र मला आवडलं. आपल्याकडे रात्रपाळीवाल्यापासून सुरुवात झाली असती.)

असो. मी मॅनेजरला लांबलचक मेल लिहिली. सिंगहेल्थची हकीकत घातली, सव्वातीनची वेळ आणि पाचचे ट्रक घातले. उत्तर आलं, 'भावना समजतात, पण प्रक्रिया ती प्रक्रिया.' दोन फोन झाले, एक बैठक झाली. शेवटी 'उल्लंघन' शब्द काढून 'निरीक्षण' घातला. कन्फर्मेशन तीन महिने पुढे ढकललं. यात कोण जिंकलं ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर तिचा फोन आला. रडारड नाही, काही नाही. "सर, पुढच्या वेळी असं झालं तर काय करू? तेवढं सांगा." मी म्हटलं, फोन कर. म्हणून मोकळा झालो आणि मग खाली जाऊन फूड सेंटरमध्ये कोपी घेऊन बराच वेळ बसलो. मी 'फोन कर' म्हणायला माझं काय जातंय? पास माझा, नोकरी पक्की माझी. ज्याचा शेरा लांबला त्याने दुसऱ्यांदा धाडस करायचं, हे काही उत्तर नव्हे.

म्हणून एक केलं. तिला जे 'वाटलं' ते नियमात बसवलं. दर दहा मिनिटांच्या ऑर्डरी मोजायच्या, गेल्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराच्या त्याच वेळेशी ताडायच्या, निम्म्याच्या खाली गेल्या की लाल. शिवाय दर पाच मिनिटांनी एक रोबो लॉगिन करून खोटी ऑर्डर टाकतो आणि रद्द करतो. ती अडकली तरी लाल. लाल झालं की तिकीट निघतं आणि तिकीट निघालं की तिने फोन करणं प्रक्रियेतच बसतं. आतापर्यंत तीनदा लाल झालं. दोनदा उगाच, एकदा कामगार दिनाला आणि एकदा वेसाकला, कारण सुट्टी असते हे सरासरीला माहीत नव्हतं. आता सुट्ट्यांची यादी घातली आहे. तिसऱ्यांदा खरंच एक इंटरफेस अडकला होता, वीस मिनिटांत सुटला.

पण यंत्रात न बसणाऱ्या शंका उरतातच. त्यासाठी मार्गदर्शिकेत मी एक ओळ घातली: 'शंका आल्यास थेट फोन करावा; शंका निराधार ठरल्यास त्याची नोंद कामगिरीत होणार नाही.' पहिल्या फेरीत अर्धविरामानंतरचा भाग खोडून परत आला. मी तो पुन्हा घातला. दुसऱ्या फेरीत पुन्हा खोडला. सध्या तिसरी आवृत्ती ग्राहकाच्या मॅनेजरकडे आहे, ज्यांना मी त्या रात्री उठवलं होतं तेच.

तिचं कन्फर्मेशन ऑगस्टमध्ये आहे. माझं मत मागितलं नाही तरी मी पाठवणार आहे, लिहून तयार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या कंत्राटात किंवा मार्गदर्शिकेत त्या अर्धविरामानंतरच्या भागासारखं काही मंजूर झालेलं असेल तर त्याची शब्दरचना मला जरूर कळवा. ऑगस्टच्या आत मिळाली तर फार बरं.


मरीन परेडचा एक ऑपरेटर