पट्टी उद्यावर गेली, आणि सांगली बघितली



हळद घेऊन पंचवीस वर्षं सांगलीला येतोय. सौदा झाला, पट्टी घेतली की माघारी वाईची गाडी. गाव कधी बघितलंच नाही. या खेपेला पट्टी उद्या मिळणार म्हणाले. म्हटलं चला, दिवस मोकळा.

गणपतीचं दर्शन घेतलं, भडंगाचा पुडा घेतला, आणि रमतगमत आयर्विन पुलावर गेलो. १९२९ सालचा पूल. पावसाळ्यात बातम्यांत याचंच नाव: ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आत्ता खाली बघितलं तर कृष्णामाई पार तळाला, गरीब गाईसारखी.

पूल ओलांडला की सांगलवाडी. तिथं धाकटी बहीण दिलीय. तिच्या सोप्यातल्या भिंतीवर पुराची रेघ अजून तशीच.

"रंग का देत न्हाईस गं?"

"दादा, पुढच्या टायमाला सामान कुठवर चढवायचं ते कळाया नको व्हय?"

आमच्याकडं धोम भरलं, दरवाजे उघडले की आम्ही पोराबाळांना घेऊन बघायला जातो, फोटो काढतो. तेच पाणी खाली हिच्या दारात येतं. हे तिला बोललो नाही. भडंग खात गप बसलो.